जुना लॅपटॉप ‘फॉरमॅट’ करताय? आधी फोटो, टॅली आणि मराठी फॉन्ट सांभाळा!

सांगवी : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर इशाऱ्याचे निरोप दिसतात आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो, हा आता बंद पडणार का? तर मंडळी, लॅपटॉप बंद पडत नाही. काल चालत होता तसाच आजही चालतो. बंद होतात ती सुरक्षेची अपडेट. म्हणजे घराचं दार आहे, कुलूपही आहे, पण कुलूप बिघडलं तर दुरुस्त करायला आता कोणी येणार नाही. त्याच लॅपटॉपवर तुम्ही नेटबँकिंग करत असाल, सोसायटीचा हिशोब ठेवत असाल किंवा ग्रामपंचायतीची डिजिटल सही वापरत असाल तर ही गोष्ट साधी नाही.

दुसरी बाजू सांगवीकडची आहे. जुन्या-नव्या सांगवीत, पिंपळे गुरवला, दापोडीला खोली करून राहणारी आपल्या तालुक्यांतली पोरं बरीच आहेत. हिंजवडीचं आयटी पार्क तिथून जवळ. मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात आणि ते सेकंडहँड दुकानांतून फिरत फिरत जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातल्या घरांत पोचतात. डेलचं लॅटिट्यूड, लेनोवोचं थिंकपॅड, एचपीचं एलिटबुक हे सगळे मूळचे कंपनीवाले लॅपटॉप. मजबूत असतात, स्वस्तात मिळतात. पण आत कोणी काय टाकून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं. अशा मशीनवर पहिलं काम एकच, आतलं सगळं पुसायचं आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. दुकानदार याला ‘फॉरमॅट मारणं’ म्हणतो, पुस्तकी नाव ‘क्लीन इन्स्टॉल’.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर अपडेट म्हणजे खुरपणी आणि क्लीन इन्स्टॉल म्हणजे नांगरट. जुनं काही शिल्लक राहत नाही. तण जातं, व्हायरस जातो, सहा वर्षांत साचलेला कचरा जातो. पण नांगर घालायच्या आधी उभं पीक काढून घ्यायला लागतं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. नवी सिस्टीम टाकायला तासभर पुरतो. गेलेले लग्नाचे फोटो आणि तीन वर्षांचा हिशोब मात्र परत येईलच असं नाही.

आधी काय काढून घ्यायचं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चार फोल्डर सगळ्यांना आठवतात. पोरांचे दाखले बहुतेक डाउनलोड्समध्येच पडलेले असतात : उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, महाडीबीटीच्या अर्जाची पावती. ते आधी वेगळे काढा.

‘फोटो डी ड्राइव्हला आहेत, फॉरमॅट तर सी ड्राइव्ह होतो’ या भरवशावर राहू नका. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. इन्स्टॉल करताना एक चुकीची ओळ निवडली की दोन्ही खोल्या रिकाम्या. कॉपी लॅपटॉपच्या बाहेरच हवी, पेनड्राइव्हवर, बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा गुगल ड्राइव्हवर. तिथे १५ जीबी फुकट मिळते, दाखले आणि कागदपत्रांना ती भरपूर झाली.

आता न आठवणाऱ्या गोष्टी.

टॅली वापरत असाल तर डेटा फोल्डरचा बॅकअप घ्याच, पण लायसन्सही आधी ‘सरेंडर’ करा. टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. सरेंडर न करता फॉरमॅट केलं तर नंतर ते सोडवून घेण्याचा वेगळा व्याप होतो.

मराठी फॉन्ट. ही खास आपल्याकडची अडचण, आणि इंटरनेटवरच्या इंग्रजी व्हिडिओत ती कोणी सांगत नाही. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं, लग्नपत्रिका, ग्रामसभेचे ठराव खरं तर संगणकाला मराठी म्हणून माहीतच नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉरमॅट केल्यावर फॉन्ट जातो आणि फाइल उघडली की नुसता चिन्हांचा पसारा दिसतो. लोकांना वाटतं फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते, तिचा फॉन्ट हरवलेला असतो. म्हणून सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरात जाऊन ‘फॉन्ट्स’ उघडा आणि तुमचे मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर कॉपी करा. जमलं तर महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे त्या मोबाइलवरही वाचता येतील. श्रीलिपी ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, तिच्या लायसन्सचे कागद किंवा डोंगल असेल तर तेही शोधून ठेवा.

डिजिटल सही यूएसबी टोकनवर असते, लॅपटॉपमध्ये नाही. ती फॉरमॅटने जात नाही. टोकनचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड मात्र जातात. तुम्ही क्रोममध्ये गुगल खात्याने लॉगिन केलेलं असेल आणि सिंक चालू असेल तर परत येतील, नाहीतर एका वहीत लिहून काढा. वही कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

कॉपी झाली का, हे तपासायला दुसरा संगणक लागत नाही. ओटीजीचं छोटं कनेक्टर घ्या, पेनड्राइव्ह मोबाइलला लावा आणि चार-पाच फोटो, दोन पीडीएफ उघडून बघा. उघडले तर कॉपी खरी. नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. पेनड्राइव्ह जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात जातच नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नसेल तर कारण बहुधा हेच.

कोणती सिस्टीम टाकायची?

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाऊट’ उघडा. तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेलचा असेल तर ‘आय ३’, ‘आय ५’ याच्या पुढचा आकडा बघा. ८२५० असेल तर आठवी पिढी, ६३०० असेल तर सहावी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल लागतो. सोबत किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय. ४ जीबीवर ते चालतं म्हणण्यापुरतंच चालतं, ८ जीबी असेल तरच त्या वाटेला जा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं फुकट ॲप तुमचा लॅपटॉप बसतो का नाही ते थेट सांगतं.

बसत असेल तर विषय संपला, विंडोज ११ टाका.

बसत नसेल तर काही दुकानदार ‘जुगाड करून ११ टाकून देतो’ म्हणतात. जुगाड होतो, हे खरं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या अपडेटसाठी सगळा खटाटोप केला, तीच बेभरवशाची. आमच्या मते कामाच्या लॅपटॉपवर हे करू नये.

विंडोज १० वरच राहायचं असेल तर एक मधली वाट आहे. घरगुती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना काढली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून, सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून, अपडेटच्या पानावरून नाव नोंदवलं की पैसे न भरता १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असायला हवी. हा काही कायमचा इलाज नाही, पण पोराची परीक्षा तोंडावर आहे आणि आत्ता लॅपटॉपला हात लावायचा नाही, अशा घराला तेवढी सवड पुरते.

तिसरी वाट लिनक्सची. नाव ऐकून घाबरू नका, तुमच्या हातातला ॲन्ड्रॉइड मोबाइल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून मुलं लिनक्सवर शिकतात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स काढलेलं आहे. विंडोजची सवय असलेल्या घराला ‘लिनक्स मिंट’ सोपं जातं, कारण खाली तसाच पट्टा, कोपऱ्यात तसाच मेनू. फुकट आहे, लायसन्सचा प्रश्न नाही. २ जीबी रॅमवर चालू होतं, ४ जीबीवर बरं चालतं. जुन्या मशीनसाठी त्याची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पण लिनक्स सगळ्यांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. टॅली सरळ चालत नाही. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रांची आरडी सर्व्हिस मुख्यतः विंडोज आणि ॲन्ड्रॉइडसाठी असते. डिजिटल सहीच्या काही सरकारी साइट अडतात. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर फार छळतो. सेतू केंद्र, सीएससी, पतसंस्था, टॅलीवाले यांनी विंडोजच ठेवावं. ज्या लॅपटॉपवर पोरं अभ्यास करतात, यूट्यूब बघतात, सीईटीचा अर्ज भरतात, मेल आणि थोडंफार टायपिंग होतं, त्याला मिंट पुरून उरतं. वर्ड-एक्सेलच्या जागी ‘लिबर ऑफिस’ येतं. जुन्या फाइली त्यात उघडतात, क्वचित रकाने इकडचे तिकडे होतात.

पेनड्राइव्ह कसा तयार करायचा

विंडोजसाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि एक चालू विंडोज संगणक लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ चालवलं की ते स्वतः सगळं डाउनलोड करून पेनड्राइव्ह तयार करतं. डाउनलोड बरंच मोठं, कित्येक जीबीचं असतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर ते बसत नाही. ज्याच्याकडे वायफाय आहे अशा पाहुण्याकडे किंवा सांगवीतल्या पोराच्या खोलीवर हे काम करून पेनड्राइव्ह गावी आणा.

लिनक्सचं मात्र मोबाइलवरच जमतं! मिंटची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची असते. लिनक्समिंट डॉट कॉम या त्यांच्या स्वतःच्या साइटवरून ती मोबाइलवर उतरवा. मग ‘एचड्रॉइड’ हे फुकट ॲप घ्या, ओटीजीने पेनड्राइव्ह जोडा आणि त्यात ती फाइल लिहा. मोबाइल रूट करायला लागत नाही. विंडोजची फाइल या ॲपने चालत नाही, ती खटपट करू नका. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जाईल, म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह आणि हा पेनड्राइव्ह वेगवेगळे ठेवा. दोन्ही एकाच रंगाचे असतील तर एकाला धागा बांधा.

लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताना बूटचं बटण पुन्हा पुन्हा दाबा. डेल, लेनोवो आणि एसरला बहुतेक वेळा एफ १२, एचपीला एफ ९, एसुसला एस्केप. यादी आली की पेनड्राइव्ह निवडा. एसरमध्ये एफ १२ चा मेनू कधी कधी बंद असतो, आधी एफ २ ने आत जाऊन तो चालू करायला लागतो.

मिंटची एक सोय फार कामाची आहे. इन्स्टॉल न करताही ते थेट पेनड्राइव्हवरून चालतं. वायफाय, आवाज, कीबोर्ड, कॅमेरा, टचपॅड सगळं तपासून बघा. डिस्कला हात लागलेला नसतो, पसंत नाही पडलं तर बंद करून पेनड्राइव्ह काढा. सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला जाताना असा पेनड्राइव्ह खिशात असला तर दुकानातच मशीनची परीक्षा होते.

विंडोज टाकताना सगळ्यात जोखमीचं पान एकच, डिस्कच्या भागांची यादी दाखवणारं. बॅकअप बाहेर असेल आणि तपासलेला असेल तर सगळे भाग ‘डिलीट’ करून एकच मोकळी जागा करा आणि ‘नेक्स्ट’ दाबा. स्वच्छ काम हेच. बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल तर त्या आधी काढून ठेवा, नाहीतर यादीत तीही दिसते आणि घाईत बॅकअपवरच नांगर फिरतो. पान ‘प्रॉडक्ट की’ मागेल तेव्हा ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जा. लॅपटॉपसोबत विंडोज १० आलेलं असेल तर की मदरबोर्डवरच साठवलेली असते किंवा मायक्रोसॉफ्टकडे मशीनची नोंद असते. इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. फक्त आवृत्ती आधी होती तीच निवडा. होमचं लायसन्स असताना प्रो टाकलं तर ॲक्टिव्हेट होणार नाही.

‘ॲक्टिव्हेट करून देतो’ची किंमत

इथे जरा थांबू. ‘दोनशे-तीनशेत विंडोज, ऑफिस सगळं टाकून, ॲक्टिव्हेट करून’ ही पाटी तुम्ही बघितली असेल. बऱ्याचदा त्यासाठी क्रॅक चालवला जातो. क्रॅकची पहिली सूचना काय असते? ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून राखणीचा कुत्रा आपणच बांधून ठेवायचा. त्या फाइलसोबत आणखी काय आत आलं, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. पुढे त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता. लायसन्सला पैसे नसतील तर मिंट टाका, पण क्रॅक नको.

सेकंडहँड घेताना विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून बघा. ‘डिजिटल लायसन्स’ असं दिसलं तर बरं. ‘ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं दिसलं तर लायसन्स एखाद्या कंपनीचं आहे किंवा क्रॅक मारलेला आहे. दोन्ही तुमचं नाही.

कंपनीच्या लॅपटॉपमध्ये आणखी दोन खोडे निघतात. एक, बायोसला पासवर्ड. तो माहीत नसेल तर पेनड्राइव्हवरून चालूच करता येत नाही, आणि फॉरमॅटने तो जात नाही. दुसरा जास्त फसवा आहे. काही कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑटोपायलट’मध्ये नोंदवतात. विकताना ती नोंद काढायची राहिली तर तुम्ही कितीही स्वच्छ विंडोज टाका, इंटरनेट जोडलं की स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागतं. ती नोंद कंपनीच काढू शकते, गल्लीतला मेकॅनिक नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच नवं विंडोज टाकून, इंटरनेट जोडून पहिलं पान बघायचा आग्रह धरा. विकणारा ‘घरी जाऊन करा’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

टाकून झाल्यावर

पहिली अडचण बहुतेक वायफायची येते. ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय दिसत नाही, आणि वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला इंटरनेट मिळतं, विंडोजलाही आणि मिंटलाही. फक्त लगेच विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करा, नाहीतर अपडेट तुमचा दिवसाचा डेटा अर्ध्या तासात पिऊन टाकतं. मोठी अपडेट वायफायवर असताना घ्या.

विजेचं म्हणाल तर जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत दम नसतो. इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तर लॅपटॉप खराब होत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लागतं एवढंच. पण कोणी ‘बायोस अपडेट’ करत असेल आणि तेव्हा लाइट गेली तर मदरबोर्डच बसू शकतो. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर बायोस अपडेटच्या वाटेला जाऊ नका.

आणि एवढं करूनही लॅपटॉप रडत-रखडत चालत असेल तर दोष सिस्टीमचा नसून जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा असण्याची शक्यता मोठी. तिच्या जागी एसएसडी बसवली तर जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक पडतो. खरं तर एसएसडी बसवायचीच असेल तर फॉरमॅटच्या आधीच बसवा आणि नवी सिस्टीम तिच्यावर टाका. जुनी हार्डडिस्क पुसायची गरजच उरत नाही. ती दुकानातून परत मागून घ्या, यूएसबीच्या डबीत घाला आणि महिना-दोन महिने तशीच कपाटात ठेवा. एखादा दाखला किंवा फॉन्ट कॉपी करायचा राहिलाच असेल तर तो तिथे सापडेल.